मस्टरवरचं शुद्धलेखन

शाळेच्या अमृतमहोत्सवाची पत्रिका हातात पडली तेव्हा मी लाइट बिल भरायला निघालो होतो. बिल राहिलं. पत्रिका दोनदा वाचली. दुसऱ्या वाचनात 'आमंत्रीत' मधली दीर्घ वेलांटी डोळ्यांना टोचली आणि सर आठवले. नाव लिहीत नाही. आपल्या वेळच्या मुलांना नुसतं 'सर' म्हटलं तरी पाठ ताठ होते.

वहीत 'आणी' सापडलं की शंभर वेळा 'आणि'. तेही शिरोरेषा एका दमात ओढून. या शिक्षेपायी माझं अक्षर असं काही सुधारलं की सोळाव्या वर्षी मला सरकारी नोकरी लागली.

साल १९७३. बहात्तरचा दुष्काळ अजून सरला नव्हता. शाळेच्या आडात बादली सोडली की तळाच्या दगडाचा आवाज यायचा. घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी, कामावर सुकडी. त्या मे महिन्यात राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्या सगळ्यांची हजेरी कुणीतरी लिहायची होती. आमच्या नाल्याच्या कामावर मस्टर लिहायला माणूस मिळेना, तेव्हा महसूल खात्यातले गिरदावर साहेब सरांकडे आले. "बऱ्या अक्षराचं एखादं पोरगं द्या." सरांनी मला पुढं केलं. साहेबांनी चार ओळी लिहून घेतल्या. वय विचारलं नाही.

बाभळीखाली पत्र्याच्या पेटीवर मी बसलो. समोर रांगेत आमचे दादा, डोक्यावर पाटी घेऊन. आता वडिलांचं नाव पुकारायचं कसं? पुकारलं तर पाप, न पुकारलं तर गैरहजर. शेवटी "आमचे दादा!" असं ओरडलो. सगळा नाला हसला. दादा तेवढ्याच जोरात "हजर" म्हणाले.

बायकांची अडचण उलटी. नवऱ्याचं नाव घेईनात. एकीला विचारलं तर म्हणाली, "पंढरीत इटेवर कोन उभं हाय? तेच लिवा." मी विठ्ठल लिहिलं. निघाले पांडुरंग.

पण खरा घोटाळा सरांच्या शिकवणीनं केला. मुकादमानं दिलेल्या यादीत इठाबाई, लक्षुमन, किस्ना अशी नावं. असली यादी सरांच्या विद्यार्थ्यानं जशीच्या तशी उतरवायची? कंदील लावून मी एका रात्रीत सत्तावीस माणसं शुद्ध केली. विठाबाई, लक्ष्मण, कृष्णा. मुकादमाची मूळ यादी मात्र आधीच तहसिलीत पोचली होती, आणि पगारपत्रक तिच्यावरून तयार झालं होतं.

पगाराच्या दिवशी तहसिलीतले पेशकार साहेब दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसले. "विठाबाई कोण?" कुणी उठेना. मी इठाबाईला खुणावलं. ती म्हणाली, "म्या इठाबाई. विठाबाई दुसरी कुनी असंल, तिला द्या तिचं." साहेबांनी मूळ नाव आणि शुद्ध नाव अशा सत्तावीस जोड्यांवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या आणि पैशांची पेटी बंद केली. दादा जमिनीकडं बघत होते. बायका मात्र सरळ माझ्याकडं बघत होत्या.

कुणीतरी शाळेकडं पळालं. भर उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून सर सायकलवरून आले. मला काहीच बोलले नाहीत. एकेकाला गावातल्या नावानं हाक मारून उभं केलं आणि प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलं, 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.' सत्तावीस वेळा, सत्तावीस सह्या. शिरोरेषा एका दमात. दिवेलागणीला शेवटचा अंगठा उठला. कागद परत देताना मात्र सरांना राहवलं नाही. पेशकार साहेबांच्या शेऱ्यातला 'मंजुर' लाल पेननं दीर्घ केला आणि मग दिला. साहेब उठून उभे राहिले. मला वाटतं, तेही कधीतरी कुणाच्या तरी वर्गात होते.

सायकलच्या कॅरियरवर बसून येताना मी रडत होतो. वेशीजवळ सर म्हणाले, "कृष्णाचा ऋकार चांगला काढलास."

पुढं १९७७ साली मी महसूल खात्यातच चिकटलो आणि कारकुनीपासून सुरुवात करून २०१५ साली नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. आधी रेशनकार्डावर एक नाव अन् सातबाऱ्यावर दुसरं, पुढं आधारवर तिसरंच. 'नावात तफावत' घेऊन आलेला माणूस मी कधी दुसऱ्या टेबलाकडं पिटाळला नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगतो. सरांना हे सांगायला जायचं म्हणता म्हणता राहिलं, आणि मग सरच राहिले नाहीत.

परवा शाळेत जाऊन आलो. आडावर स्लॅब पडलाय, त्यावर मोटारसायकली लावतात. संगणक कक्ष छान झालाय. शुद्धलेखनाचा तास मात्र वेळापत्रकात दिसला नाही.

संपादक मंडळाला विनंती. पत्रिकेतलं 'आमंत्रित' ऱ्हस्व करावं. आणि या लेखातल्या इठाबाईला कुणी हात लावू नये.