आयसीपी पेटत नाही? आधी हवा कुठून शिरते ते बघा
आयसीपी म्हणजे नमुन्यातली मूलद्रव्ये मोजायला वापरतात तो आरगॉनचा तप्त प्लाझ्मा; तो ज्या क्वार्ट्झच्या नळ्यांत पेटतो ती टॉर्च. या टॉर्चमध्ये इलेक्ट्रोड नसतो. तांब्याच्या कॉइलमधून २७ किंवा ४० मेगाहर्ट्झची ऊर्जा थेट आरगॉनला मिळते. त्यामुळे इलेक्ट्रोडचा धातू झिजून सिग्नलमध्ये डोकावत नाही. सुरुवातीचे इलेक्ट्रॉन मात्र टेस्ला कॉइलच्या ठिणगीतून द्यावे लागतात. ठिणगी पडते, क्षणभर उजेड होतो आणि विझतो? कॉइलला ऊर्जा देणाऱ्या जनरेटरवर संशय घेण्याआधी स्प्रे चेंबरची (जिथे नमुन्याचा फवारा जातो) ओ-रिंग आणि ड्रेनची नळी तपासा. जरा हवा शिरली तरी तिचे रेणू फोडण्यातच ऊर्जा जाते. टॉर्चच्या बाहेरच्या नळीतला आरगॉन मिनिटाला १५ लिटर ठेवून थोडा वेळ वाहू द्या, मग पेटवा. आणि हो, टॉर्चच्या क्वार्ट्झला उघडा हात नको: घामातल्या सोडियममुळे ते तापल्यावर पांढुरकं पडून चिरतं.