आमची वाटचाल : खारा वारा, जीआय पाईप आणि वेल्डरची छाती

हर्णै बंदराच्या वरच्या अंगाला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वडिलांनी ते सुरू केलं ट्रान्सफॉर्मरचं एक मशीन आणि गॅस कटिंगचा सेट घेऊन. तेव्हा काम बोटींचंच : विंच, इंजिनाचं फाउंडेशन, डिझेलच्या टाक्या. पुढे दापोलीच्या बाजूला बंगले आणि रिसॉर्ट वाढले, तशी गेटं, जिने, पत्र्याच्या शेडी आल्या. माझ्या हातात कारभार आला तोवर निम्म्याहून जास्त काम घरांचं झालं होतं.

किनाऱ्यावर साधं लोखंड टिकत नाही. खारा वारा रंगाखाली शिरतो आणि पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून गिऱ्हाईक जीआय पाईप मागतं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, ऐपत असेल तर एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील. माल बदलला तसा आमच्या माणसांच्या नाकात जाणारा धूरही बदलला. गेल्या काही वर्षांत वर्कशॉपमध्ये जे जे बदललं, ते मुख्यतः या धुरामुळे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगड भागात घरांची छपरं उडाली. पाऊस डोक्यावर आलेला, लोकांना आडोसा हवा होता. आम्ही दिवसभर जीआय पाईपाच्या छपराच्या कैच्या जोडत होतो. रात्री एखाद्या वेल्डरला हुडहुडी भरायची, अंग मोडून यायचं, छाती आवळायची, तोंडात धातूची चव. कोरोनाचे दिवस. घरचे घाबरून त्याला पडवीत वेगळं झोपवायचे. सकाळपर्यंत घाम येऊन ताप उतरलेला असायचा आणि तो कामावर यायला तयार. दापोलीतल्या एका डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काल कशावर वेल्डिंग केलंस?”

हा जस्ताचा ताप. जीआयवरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या ठिणगीच्या (आर्कच्या) उष्णतेने वाफ होऊन उडतो, हवेत त्याचं झिंक ऑक्साइड होतं आणि ते छातीत गेलं की काही तासांनी ताप चढतो. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी जास्त जाणवतो, कारण रोजच्या धुराला शरीर तात्पुरतं सरावतं आणि सुट्टीत तो सराव मोडतो. दूध प्या, गूळ खा, हा सल्ला प्रत्येक वर्कशॉपात मिळतो. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात.

ताप निदान कळतो तरी. एसएसच्या धुरात निकेल आणि सहा संयुजेचं क्रोमियम असतं, त्याने त्या रात्री काहीच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला, आणि त्यात साध्या लोखंडाचा धूरही आला. धुरातलं मँगनीज वर्षानुवर्षं छातीत गेलं तर मेंदूवर परिणाम होतो, हात कापायला लागतात. हे वाचल्यावर तोंडाला रुमाल बांधून काम करणाऱ्या माणसांकडे मला बघवेना. धुराचे कण इतके बारीक की रुमाल त्यांना अडवत नाही.

आता जीआयच्या जोडावर दोन्ही बाजूंनी जस्त आधी ग्राइंडरने काढतो, वेल्डिंग झालं की झिंकचा प्रायमर मारतो. मास्क घालूनच. वेल्डरने वारा अंगावर आडवा घ्यायचा. पाठीमागून घेतला तर धूर भोवऱ्यासारखा फिरून तोंडावरच येतो. धूर बाहेर ओढणारा पंखाही बाजूला ठेवतो, डोक्यावर नाही, नाहीतर वर जाणारा धूर आधी नाकासमोरूनच जातो. पावसाळ्यात झड अडवायला शेडला ताडपत्र्या लावाव्या लागतात, तेव्हा आत धूर कोंडतो. त्या महिन्यांत जीआयचं काम थोडं थोडंच घेतो.

पावसात शॉकचीही भीती. वेल्डिंगचं मशीन होल्डरला, म्हणजे वेल्डिंगची कांडी धरायच्या मुठीला, साठ-सत्तर व्होल्ट देतं, कोरड्या माणसाला ते जेमतेम जाणवतं, घामाने भिजलेल्याचा जीव घेऊ शकतं. मेन लाइनवरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, त्या बाजूच्या शॉकला ट्रिप होत नाही. म्हणून पायाखाली कोरडी फळी आणि बदलायला सुक्या हातमोज्यांचा जोड, हे मी स्वतः बघतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर घेतलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेआधी सगळ्यांनाच घाई. तरी बोटीच्या खणात आमचा माणूस एकटा उतरत नाही. तळाशी कुजलेल्या मासळीचा विषारी वायू साठलेला असू शकतो, आणि बंद जागेत वेल्डिंगचा आरगॉन वायू सोडला तर तो हवा वर ढकलून खाली बसतो. ब्लोअर आधी लागतो, वर एक जण उभा राहतो. डिझेलची टाकी धुऊन, पाण्याने भरून घेतल्याशिवाय कटर लावत नाही. यावरून काही बोटवाले दुसरीकडे गेले. जाऊ देत.

नव्या मुलाला पहिले काही दिवस नुसती वेल्डिंगची काळी काच धरायला शिकवतो. टाका मारताना काच बाजूला केली की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि तो बटाट्याच्या चकत्या लावून जागा राहतो. शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसालाही ते लागतं, म्हणून पडदे घेतले.

या सगळ्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहितो. घासाघीस करताना ती ओळ सोडून कशावरही बोला. एसएससाठी धूर ओढणारं फिरतं मशीन घ्यायचं आहे. तोवर मोठी रेलिंगं अंगणात उघड्यावर करतो. वारा सुटला की टिग वेल्डिंगमध्ये जोडावर सोडलेला गॅस उडून जोड खराब होतो, थांबावं लागतं, आणि तारीख देताना तेवढे दिवस आम्ही धरूनच सांगतो.