पुण्याएवढी काउंटी, साडेपाच हजार माणसं

२०११ च्या जनगणनेत जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडचा एक गट माझ्याकडे होता. तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. नजरी नकाशा काढायचा, घरांवर क्रमांक टाकायचे आणि ९ ते २८ फेब्रुवारी दारोदार फिरून माणसं लिहायची. साधारण सहाशे माणसं माझ्या हाताखालून गेली. तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की त्यामागे कोणाचं तरी दार दिसतं.

यंदा लेकीकडे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला आले होते. तिने विचारलं, "आई, कुठे जायचंय?" मी म्हटलं, चेरी काउंटीला. काउंटी म्हणजे तिथला जिल्हाच. नेब्रास्काचा तक्ता चाळताना हे नाव सापडलं होतं. क्षेत्रफळ साधारण १५,५६० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढं (१५,६४३). पुणे जिल्ह्यात २०११ ला ९४ लाखांवर माणसं होती. चेरीत २०२० ला ५,४५५. माझ्यासारखे नऊ-दहा प्रगणक तेवढ्यांना पुरले असते, पण ते घरापर्यंत पोचणार कसे, हा विचार डोक्यातून जाईना.

पाच तासांचा रस्ता. ओनील नावाचं गाव लागलं. तिथल्या मोझेस किंकेड या खासदाराच्या नावाने १९०४ चा कायदा ओळखला जातो. या वाळूच्या टेकड्यांत राहायला येईल त्याला ६४० एकर जमीन. एवढं ऐकून कोणीही घरदार उचलून येईल, आणि आलेच लोक. १९०० ला काउंटीत ६,५४१ माणसं होती, ती १९२० ला ११,७५३ झाली. पण ही जमीन म्हणजे वर गवताची पातळ साय आणि खाली नुसती वाळू. जिथे नांगर लागला तिथे वाऱ्याने वाळू उडवली. गुरं पाळायची तर एका गाय-वासराच्या जोडीलाच दहा-वीस एकर चराई लागते, मग ६४० एकरांत घर कसं चालणार? पुष्कळांनी जमिनी शेजारच्या गुरंवाल्यांना विकल्या आणि वाट धरली. तेव्हापासून प्रत्येक जनगणनेत आकडा खालीच आलाय. आज तिथे गाईच दीड लाखाहून जास्त आहेत, एका माणसामागे पंचवीस-तीस.

निम्मी वस्ती व्हॅलेंटाइन या एकाच गावात आहे. त्यामुळे "तीन चौरस किलोमीटरला एक माणूस" ही सरासरी प्रत्यक्षात कुठेच नाही. गावात घराला घर लागून आहे, आणि गाव सोडलं की मैलोन् मैल पवनचक्क्या, त्यांच्या पायाशी पत्र्याच्या गोल टाक्या आणि पाण्याला आलेल्या काळ्या गाई. गाडी थांबवली की चक्रीची करकर तेवढी ऐकू येते.

पश्चिमेला किलगोरहून कोडीला गेलो तर फोनमधलं घड्याळ एक तास मागे गेलं. काउंटी एकच, वेळा दोन. कोडीत २०१० ला १५४ माणसं होती. तिथलं किराणा दुकान शाळेतली मुलं चालवतात. २०१३ पासून सुरू आहे, भिंती पेंढ्याच्या गाठोड्यांच्या. गल्ल्यावरच्या मुलीने आमचे कांदे तोलले, पावती फाडली आणि शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला माझ्या सातवीच्या मुली आठवल्या. १५४ हा आकडा लहान म्हणून सोडून देणाऱ्याने त्या दुकानात पाच मिनिटं उभं राहावं.

एक गोष्ट मात्र मला सलते. २०२० च्या अमेरिकी गणनेत कोणाची खासगी माहिती ओळखता येऊ नये म्हणून राज्यापेक्षा खालच्या पातळीवर माणसांचे आकडे मुद्दाम किंचित हलवलेत. घरांची संख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली आहे. कारण मला पटतं. दहा माणसांच्या वस्तीत वय आणि वंश छापला की नावच छापल्यासारखं होतं. पण मोठ्या शहरात चार माणसं इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही, दहाच्या वस्तीत चार म्हणजे एक अख्खं घर. २८ फेब्रुवारीच्या रात्री आम्ही बेघरांची नोंद घ्यायला निघालो, तेव्हा माळावर मेंढ्या बसवलेल्या एका कुटुंबात आठ दिवसांचं बाळ होतं. नाव ठेवलं नव्हतं. मी ते बाळ धरून पाच लिहिले. तो पाच कोणी चार केला तर माझा जीव तुटेल.

परतताना मी टपालाच्या पेट्या मोजत होते. इथे घरं रस्त्यावरून दिसत नाहीत. टेकडीमागे जाणारी मातीची वाट, गुरं बाहेर येऊ नयेत म्हणून वाटेत आडव्या लोखंडी नळ्या आणि तोंडाशी खांबावर पत्र्याची पेटी. एक पेटी पार कलली होती, तारेने बांधलेली. लेक म्हणाली, "अगं, इथे कोणी राहत नसेल." मी गाडी थांबवायला लावली. आमच्या प्रशिक्षणात सांगितलेलं, कुलूप दिसलं म्हणून घर रिकामं लिहायचं नाही. वाटेकडे बघत राहिले. वाळूत टायरची ओली खूण होती, आणि टेकडीच्या खांद्यावरून एका दोरीचं टोक दिसत होतं. दोरीवर लहान मुलाचे दोन पायमोजे.

वहीत अकरावी पेटी लिहिली, तिच्यापुढे "राहतं घर".