जिन्याखालची बेगमी

जुलै 2024 मध्ये बेरिल वादळ आलं आणि आमच्या ह्यूस्टनच्या घरातली वीज पाच दिवस गेली. फ्रीजरमधलं सगळं मटण टाकून द्यावं लागलं, फार जिवावर आलं. आता 1 जूनला चक्रीवादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आतच मी जिन्याखालच्या कपाटात चिकन आणि ट्यूनाचे डबे भरून ठेवते. गराजमध्ये नाही, तिथल्या उकाड्यात माल लवकर उतरतो.

अलिबागला आजी मे महिन्यात सुके बोंबील, सोडे, जवळा उन्हं दाखवून पावसाळ्याच्या आगोटीसाठी भरून ठेवायची. तीच ही बेगमी.

डबा घेताना मी त्याच्या कडेवरून बोट फिरवते. शिवणीवर पोचा असला तर घ्यायचाच नाही. घरातल्या एखाद्याचं झाकण फुगलं तर सरळ कचऱ्यात, चाखूनसुद्धा बघायचं नाही. बोट्युलिझमचं, म्हणजे खराब डब्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं जीवघेणं विष जिभेला कळत नाही. चांगला डबा 2 ते 5 वर्षं टिकतो. जुना पुढे, नवा मागे.

चिकन शिजवलेलंच असतं. पाणी निथळून कांदा-लसणावर, कोळी मसाला घालून परतायचं. मीठ आधीच असतं, म्हणून हात राखून. कॅम्पिंगची शेगडी मात्र अंगणातच पेटवायची, घरात कधीच नाही. आणि हाताने फिरवायचं ओपनर मी कपाटाच्या दाराला दोरीने बांधून ठेवलंय.