दोन बोटं आणि पंधरा हजारांची मर्यादा

चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर होतो. 2022 मध्ये डाय (साचा) बसवताना प्रेसचा स्ट्रोक खाली आला आणि उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली. वय 34, पगार 24 हजार. ईएसआय या कामगार विमा योजनेची पगाराची मर्यादा 21 हजारांची, म्हणून मी तिच्या बाहेर. माझ्या वाट्याला आला तो 1923चा कर्मचारी भरपाई कायदा. नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर तो रद्द झाला, पण माझा दावा त्याच्याखालीच चालला.

दवाखान्यातच कारखान्याचा माणूस थोडी रोख रक्कम आणि एक छापील कागद घेऊन आला. यापुढे माझी काही मागणी नाही, असं त्यावर लिहिलेलं. मी सही केली नाही. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यापुढे टिकतच नाही, हे मला नंतर वकिलांकडून कळलं. कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची माहिती कामगाराला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, हे बंधन या कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीने मालकावर घातलं होतं. आमच्या लाइनवर असा कागद कुणालाच मिळाला नव्हता. तो मिळत असता, तर कितीतरी जणांनी खाटेवर पडल्या पडल्या सह्या केल्या नसत्या.

दावा मी गावाकडच्या जिल्ह्यात लावला. कामगार जिथे राहतो तिथेही अर्ज करता येतो, ही सोय 1995 मध्ये आली. हात बांधलेला असताना प्रत्येक तारखेला पुण्याला जाणं मला झेपलं नसतं. इलाजाचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, ही 2009ची दुरुस्ती. त्यामुळे औषधाच्या दुकानाची साधी पावतीसुद्धा जपून ठेवा.

आता हिशेब. माझ्या अपघाताच्या वेळी पगार कितीही असला तरी तो भरपाईसाठी 15 हजारांच्या वर धरत नव्हते. त्याचे 60 टक्के म्हणजे 9 हजार. 34व्या वर्षासाठी कायद्याने ठरवलेला गुणक 199.40. गुणाकार 17,94,600 रुपये. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात अपंगत्व 20 टक्के, म्हणजे 3,58,920 रुपये. माझा खरा पगार धरला असता तर हेच 5,74,272 झाले असते. उलट, हीच जखम याच वयाच्या माणसाला 2 जानेवारी 2020 रोजी झाली असती, तर त्याला 1,91,424 रुपये मिळाले असते. कारण मर्यादा 8 हजारांवरून 15 हजारांवर गेली ती 3 जानेवारी 2020 पासून, आणि लागू होतो तो अपघाताच्या दिवशीचा आकडा.

2010 नंतर हा आकडा थेट 2020 मध्ये वाढला. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी महागाईप्रमाणे बदलतो. मग तुटलेल्या हाताचा आकडा दशकभर जागचा का हलत नाही? ही मर्यादा महागाईला जोडली पाहिजे, हे मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो.

प्रेस आता मला चालवता येत नाही, म्हणून वकिलांनी शंभर टक्के अपंगत्व मागितलं. हात गमावलेल्या एका सुताराला पूर्ण अपंग मानणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1975चा निकाल त्यांनी पुढे ठेवला. तो माझ्या बाबतीत लागू केला गेला नाही, 20 टक्केच धरले. याचं वाईट वाटतं, कारण मी दुसरं कुठलं काम शिकलेलो नाही.

दावा तीन महिन्यांत निकाली काढावा, असं 2009च्याच दुरुस्तीत होतं. माझा निकाल 2025 मध्ये लागला. एक महिन्यात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज चढायचं, त्यामुळे रक्कम थोडी वाढली. मूळ रक्कम आणि व्याज विमा कंपनीने भरलं. उशिराबद्दलचा दंड मात्र मालकाच्या खिशातूनच जातो आणि तो अजून आलेला नाही. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे त्याची वसुली व्हावी, असा अर्ज मी दिलाय.