दुधाच्या हिशेबाशेजारची फुली

२०१८ च्या एप्रिलमधील एका मंगळवारी सहा वर्षांच्या एका मुलाची आई स्वयंपाकघरातले कॅलेंडर खिळ्यावरून काढून, गुंडाळून, थेट माझ्या टेबलावर घेऊन आली. मी तिला नोंदींसाठी छापील तक्ता दिला होता. तो पहिल्याच दिवशी बादलीत पडला, म्हणून ज्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहिला जाई त्याच चौकटींत तिने मुलाच्या नोंदी केल्या होत्या. शू झाली की टिंब, शी झाली की फुली आणि चड्डीला नुसता डाग लागला की लहानसे वर्तुळ, अशी तिची खूण होती.

एका जिल्ह्याच्या गावी, विकासात मागे पडलेल्या मुलांच्या केंद्रात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे स्वतःची स्वतः करायला शिकवणारी उपचारतज्ज्ञ, म्हणून काम करते. हा मुलगा अडीच वर्षांचा झाल्यावर चालू लागला होता, बोलणे पंधरा-वीस शब्दांवर थांबले होते आणि स्नायू सैल असल्यामुळे आधाराशिवाय बसवले की तो पुढे कलंडे. १५ जूनला त्याची पहिली सुरू होणार होती. शाळेने प्रवेश नाकारला नव्हता; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर तसे उघडपणे कोणी म्हणतही नाही. मात्र मुख्याध्यापिकांनी आईला बाजूला घेऊन विचारले होते, "ते सगळं आवरायचं कोणी, तुम्हीच सांगा." त्या प्रश्नाचा मला राग आला होता, पण साठ मुलांमागे एकच सेविका असलेल्या शाळेत तो अगदीच गैरवाजवी नव्हता, हेही मान्य करायला हवे.

जानेवारीपासून आम्ही त्याला शी-शू संडासात करायला शिकवत होतो. शूच्या बाबतीत प्रगती चांगली होती. तो दीड-दोन तास कोरडा राहत असे, म्हणजे मूत्राशयाची तयारी झालेली होती. ठरावीक वेळी नेणे, डायपर बंद करून सुती चड्डी घालणे, नाडीऐवजी इलॅस्टिक लावणे आणि घरातल्या सर्वांनी 'शू' हा एकच शब्द वापरणे, एवढ्यावर तो मार्चअखेर शू आली की कमोडचे चित्र असलेल्या कार्डाकडे बोट दाखवू लागला. शीचे मात्र काहीच जमेना. कमोडवर बसवले की तो ताठ होई, उतरवले की कपाटामागे जाऊन पाय आवळून उभा राही आणि थोड्या वेळाने चड्डी खराब झालेली असे. मी फाइलमध्ये तीन वेळा 'टाळाटाळ' असा शब्द लिहिला आहे. ती फाइल आजही माझ्याकडे आहे.

कॅलेंडरवर पंधरा दिवसांच्या नोंदी होत्या. वर्तुळे जवळजवळ रोज, काही दिवशी तीन-तीन. फुल्या मात्र सगळ्या मिळून तीनच. शेजारी दुधाचा आकडा होता, रोज एक लिटर. घरात इतके दूध कोण पिते, असे मी सहज विचारले, तर आई म्हणाली, "त्यालाच लागतं हो, मॅडम. पोट बिघडलेलं असतं ना सारखं, म्हणून सासूबाई त्याला भाजी देऊच देत नाहीत. दूध, मऊ भात आणि बिस्किटं."

तेव्हा मला उलगडा झाला आणि त्याच क्षणी लाजही वाटली. पोट बिघडलेले नव्हते, तुंबलेले होते. मोठ्या आतड्याच्या शेवटी कडक मळ साचून राहिला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरच्यांना तो जुलाब वाटतो आणि जुलाब समजून पालेभाजी, फळे बंद करून दुधावरच ठेवले की मळ आणखी कडक होतो. साचलेल्या मळाने तो भाग ताणला गेल्यावर शी आल्याची जाणीवच बोथट होते. ज्या मुलाला शी आलेली कळत नव्हती आणि कळली तर दुखत होती, त्याला मी तीन महिने चित्रे दाखवत होते. हा प्रश्न मी जानेवारीतच विचारायला हवा होता.

बालरोगतज्ज्ञांनी पोट हाताने चाचपून दोन मिनिटांत निदान केले, साचलेले मोकळे होण्यासाठी औषध दिले आणि मळ मऊ राहण्याचे औषध पुढेही काही महिने चालू ठेवायला बजावले. ते घरचे लोक चार दिवसांत बंद करतात, हा नेहमीचा अनुभव. दूध दोन कपांवर आणताना आजींशी थोडी कुरबुर झाली, पण भाजी परत सुरू करणे त्यांनी स्वतःच हाती घेतले.

मग बसण्याचा प्रश्न. कमोडवर त्याचे पाय लोंबकळत, आणि पायाला आधार नसला की अशा मुलाची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते. पायाखाली पाट ठेवा, असे मी म्हणाले. आजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "जेवायचा पाट संडासात?" त्यांचे बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी परसातल्या चार विटा जुन्या सतरंजीच्या तुकड्यात शिवून दिल्या. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले, मूल पुढे रेलून बसू लागले. रोज जेवणानंतर वीस मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेले की आतडी हलतात, पाच मिनिटे बसायचे आणि जत्रेतली पिपाणी वाजवायची. 'जोर लाव' हे त्याला समजत नव्हते. पिपाणी फुंकताना पोटाला जोर आपोआप मिळे. नवव्या दिवशी दुपारी आईचा फोन आला आणि मागून पिपाणी अजून वाजतच होती.

शाळेत देशी संडास होता. तिथे त्याला आधाराशिवाय उकिडवे बसता येणे शक्य नव्हते. मुख्याध्यापिकांच्या परवानगीने वडिलांनी मे महिन्यात भिंतीला धरायला पाइपचा तुकडा बसवला आणि मी घरच्या कमोडच्या जागी शाळेच्याच संडासाचा फोटो कार्डावर चिकटवला. पहिले चार दिवस त्याने शाळेत शूसुद्धा केली नाही, घरी येईपर्यंत धरून ठेवली. पाचव्या दिवशी सेविकेने त्याला नेले. जुलैत मी शाळेत गेले तेव्हा त्या मावशींनी मला हाताला धरून तिकडे नेले आणि सांगितले, की पाइप चार बोटे खाली घ्यायला हवा, कारण आता पहिलीतली सगळीच पोरे तो धरून बसतात.