नऊ पन्नासचं ऊन

चैत्र शुद्ध पंचमी

"यंदा मोगऱ्याला खतबित घातलं नाहीत वाटतं?" वरच्या काकू जिन्यातून जाता जाता म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे कळतं मला. तरी सकाळपासून ते कुसळासारखं सलतंय.

खत घातलं होतं. मोगऱ्याचं जे करायचं असतं ते सगळं वेळेवर झालंय, हे इथे आधी लिहून ठेवतो. निदान रोजनिशीत तरी आळ नको. डिसेंबरच्या शेवटी पाणी तोडलं. १२ इंची कुंडीला दहा-बारा दिवस पुरतात, जमिनीतल्या झाडाला त्याहून जास्त लागतात. पानं मलूल होऊन खालची पिवळी पडायला लागली की ताण बसला समजायचं. मग छाटणी. सगळं झाड दीड फुटावर, आणि वाळक्या, मरतुकड्या काड्या पार बुडापासून. उरलेली जुनी पानं हातानेच खुडायची. त्यात जीव अडकवायचा नाही, कारण कळी येते ती नव्या फुटीच्या टोकाला. जुन्या पानांचा तिला काही उपयोग नसतो. वरची दोन-तीन इंच माती उकरून काढायची, तिच्या जागी तीन-चार मुठी शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, दोन चमचे बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, आणि मग कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी. पंधरा-वीस दिवसांत फूट दिसते. पुढे महिन्याभरात कळ्या, तीन-तीनच्या झुपक्यात, त्यातली मधली आधी उमलणार.

फूट आली. पानं तर इतकी की खालची माती दिसत नाही. कळी एकही नाही.

नुसती पानं आणि फूल नाही म्हटलं की जो तो नत्राकडे बोट दाखवतो, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. युरिया किंवा ताजं कच्चं शेण जास्त झालं की झाड माजतं. पण माजलेलं झाड ओळखू येतं. काडी जाड असते, पानं जाड आणि काळपट हिरवी. लोह कमी पडलं तर नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. टँकरच्या जड पाण्यावर वाढवलेल्या कुंड्यांत हे हमखास दिसतं. पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि मागे जाळी असेल तर लाल कोळी. त्याच्यावर औषधापेक्षा पानाच्या मागच्या बाजूला जोरात मारलेलं पाणी बरं. कळी जांभळट होऊन भोकं पडत असतील तर अळी. पण त्यासाठी आधी कळी तरी हवी.

इथे यातलं काहीच नाही. पान पातळ, रुंद, मऊ. काडी बारीक आणि वेलासारखी लांबलेली, आणि सगळ्या काड्यांची तोंडं कठड्याकडे. पट्टी लावून पाहिली. मागच्या वर्षीच्या लाकडावर पानांच्या दोन जोड्यांमधलं पेर इंच-सव्वा इंचाचं आहे. त्याच काडीवरून यंदा फुटलेल्या फांदीचं पेर अडीच इंचांच्या वर. एकाच काडीवर, जिथे कात्री लागली त्या सांध्याच्या खाली एक झाड आणि वर दुसरंच. हा खताचा प्रश्न नव्हे. उन्हाचा आहे.

समोर टॉवर उभा राहिला हे काकूंना दिसत नाही असं नाही. त्या वरच्या मजल्यावर आहेत आणि त्यांच्या गॅलरीला डोक्यावर स्लॅब नाही, एवढंच.

गॅलरीच्या फरशीवर खडूने रेघा मारून ठेवल्यात. ऊन कुठवर आलं आणि शेजारी घड्याळाची वेळ. या दिवसांत पुण्यात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. आमच्या गॅलरीत ऊन येतं नऊ पन्नासला. भिंतीकडच्या कुंड्यांवरून साडेअकराला जातं, कठड्याजवळच्यांवरून बाराच्या सुमारास. तेव्हा सूर्य वरच्या गॅलरीच्या स्लॅबआड गेलेला असतो. म्हणजे दोन तास. मोगऱ्याला पाच-सहा हवेत. चारावर तो कशीबशी चार फुलं देतो. दोनावर जगतो, पण देत नाही.

हिशोब तसा सोपा आहे, आणि जागा घेण्याआधी लोकांनी वास्तूपेक्षा हा करावा असं माझं मत आहे. समोरची इमारत आपल्या गॅलरीपासून जेवढी लांब तेवढीच आपल्या कठड्याच्या वर उंच असेल, तर ती ४५ अंशांचं आकाश खाते. आत्ता, दिवस-रात्र सारखे असताना, सूर्याला तेवढं वर यायला उगवल्यापासून तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. इमारत दुप्पट लांब असेल तर दोन तासांच्या आत सुटका. नकाशात 'पूर्वाभिमुख' लिहिलेलं असतं, त्यावर जायचं नाही. पूर्वेला काय उभं राहू शकतं ते बघायचं. दक्षिणेच्या गॅलरीची तर वेगळीच गंमत. थंडीत तिथे ऊन खोलीपर्यंत शिरतं आणि माणूस भाळतो. पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ऐन मोगऱ्याच्या हंगामात तिथे सावली.

तर दोन तास. आधी पाच होते. तीन तास गेले कुठे, तर कुणाच्या तरी काचेच्या खिडकीवर. तिथे अजून राहायलाही कुणी आलेलं नाही. बांधणाऱ्याने नियमाप्रमाणे अंतर सोडलंय, परवानगीचा फलक लावलाय, सगळं रीतसर. भांडावं असं नखाएवढंही कारण नाही, आणि खरा त्रास त्याचाच आहे. चूक कुणाचीच नाही म्हटल्यावर राग ठेवायचा कुठे? आईच्या वेळेला देवासाठी निरांजनाच्या ताटलीत कळ्या मावत नसत. असो.

आणि काकूंनी विचारलं खताचं. कुणी म्हणालं असतं की ऊन गेलं हो तुमचं, तर इतकं लागलं नसतं. 'खत घातलं नाहीत वाटतं' म्हणजे तुमचं लक्ष नाही. लक्ष आहे म्हणून तर फरशीवर रेघा आहेत.

उपाय सांगणारे चिकार आहेत. बंड्या म्हणाला, वाढीचे दिवे लाव. दिवे लागतात, रोज दहा-बारा तास लावले तर पालेभाजीची रोपं उत्तम येतात. पण मोगऱ्याला फुलवायचं तर झाडाच्या अगदी डोक्यावर ताकदीचा दिवा हवा, आणि गॅलरीला ऑपरेशन थिएटरची कळा येते. कुणी म्हणालं, भिंत पांढरी कर. ते मात्र खरंच करण्यासारखं आहे. गडद रंगापेक्षा पांढऱ्या भिंतीने कुंडीच्या मागच्या बाजूला बराच उजेड परत येतो आणि झाड एकांगी होत नाही. पण परतलेला उजेड म्हणजे ऊन नव्हे. कुंड्या स्टँडवर चढवून कठड्याच्या उंचीला आणल्या तर अर्धा तास हाती लागतो. कठड्याबाहेर मात्र काहीही लटकवायचं नाही. १२ इंची कुंडी पाणी घातल्यावर २०-२५ किलोंची होते, आणि खाली माणसं चालतात.

दुपारी परत रेघांपाशी बसलो होतो, तेव्हा मागच्या बंगल्याकडे लक्ष गेलं. त्यांच्या अंगणातली जाई आता कंपाउंडच्या भिंतीवरून रस्त्यावर लोंबते, घराकडच्या बाजूला तिला फूल नाही. तो बंगला आमच्या पश्चिमेला. म्हणजे त्याच्या सकाळच्या उन्हात आमची इमारत उभी आहे. आमच्याकडेही परवानगी होतीच, फलकासकट. हे मनात आल्यावर मघापासूनच्या माझ्या रागातली हवाच गेली. थोडी उरली, पण ती आता हट्टाने धरून ठेवल्यासारखी वाटते.

एक गोष्ट मात्र फायद्याची निघाली. सूर्य काही वर्षभर एकाच जागी उगवत नाही. आत्ता तो नेमका पूर्वेला, म्हणजे बरोबर टॉवरच्या पाठीमागे. मेच्या मध्याला वीसेक अंश उत्तरेकडे सरकलेला असेल, जूनमध्ये पंचवीसच्या जवळ. टॉवर आणि डावीकडचं कडुलिंबाचं झाड यांच्यामध्ये जी फट आहे, ती बरोबर त्याच अंगाला. म्हणजे वैशाखात सकाळी सहा-सव्वासहाला कोवळं ऊन त्या फटीतून आत येईल आणि तासाभराने सूर्य टॉवरमागे गेला की बंद होईल. मग पुन्हा वरून येईल ते आहेच. तीन, फार तर सव्वातीन तास. मोगऱ्याला नाही पुरत. बाकीच्यांना पुरतं. आणि हे 'बाकीचे' कोण, याचा विचार मोगऱ्याच्या नादात आजवर झालाच नव्हता.

अबोली, पहिली. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन आणि मग उजेडाची सावली, यात ती खूश असते. भर उन्हात उलट पानं कोमेजतात. ८ इंची कुंडी बास. निचरा होणारी माती, तिसरा हिस्सा शेणखत आणि निंबोळी पेंड अगदी न चुकता, कारण अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक किडे, धरतात. झाड कारण नसताना खुजं राहिलं, पिवळं पडलं, तर उपटून बघावं. मुळांवर गाठी असतील तर ती माती दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही. कणसातली फुलं खालून वर उमलत जातात. वरचं शेवटचं फूल गळलं की कणीस देठासकट खुडायचं, म्हणजे बगलेतून नवी येतात. बी हवं असेल तर एखादं राखायचं. त्याची वाळकी बोंडं ओली झाली की टचकन फुटतात आणि बी दूर उडतं, तेव्हा तपकिरी झालेलं कणीस पाणी घालण्याआधी, कोरडं असतानाच काढून कागदी पिशवीत ठेवावं. आणि ती भडक केशरी 'दिल्ली' अबोली असेल तर बियांची वाट बघू नये. ती बी धरत नाही, फाटेच लावावे लागतात.

सोनटक्का. याला सावली चालते, तहान सहन होत नाही. पसरट कुंडी, १४ इंच तरी रुंद, कारण गड्डे आडवे सरकत जातात. मेअखेरीला दोन इंच खोल लावायचे, डोळा वर. भाद्रपद-आश्विनात संध्याकाळी फूल उमलतं, दुसऱ्या दिवशी मान टाकतं, आणि फुलून झालेला दांडा परत फुलत नाही. तो जमिनीलगत कापायचा म्हणजे नव्या कोंबांना जागा होते. पानांच्या कडा करपल्या तर ऊन नव्हे, पाणी कमी पडलंय.

फुटबॉल लिलीचे दोन कांदे कोपऱ्यातल्या कुंडीत केव्हापासून आहेतच. थंडीत पानं पिवळी पडली की तिचं पाणी बंद, मेमध्ये वळवाच्या पहिल्या सरीबरोबर आधी फुलाचा दांडा आणि मागून पानं. एक तांबडा गोळा, आठवडाभर, पुढे वर्षभर काही नाही. तिला उकरलेलं आवडत नाही, कुंडीत दाटी असली तरच बरी फुलते. आम्ही घरोघरी जिला ब्रह्मकमळ म्हणतो तीही याच उजेडात रात्री उमलते. पानासारख्या दिसणाऱ्या तिच्या फांदीचा वीतभर तुकडा दोन-चार दिवस सावलीत सुकवून लावायचा. ओला लावला तर कुजतो.

आणि पानवेल. फूल नको, पण भिंतीवर एवढी तकतकीत हिरवाई दुसऱ्या कशाची नाही. तीन पेरांचा फाटा, त्यातलं एक पेर मातीत. दुपारचं ऊन नको, वारा नको, ओलावा हवा. म्हणजे आमच्या गॅलरीत आता जे उरलंय ते सगळं.

मोगरा वहिनींकडे द्यायचं ठरतंय. त्यांच्या गच्चीवर दिवसभर ऊन. मन तयार झालंय असं नाही, पण काड्यांची तोंडं रोज कठड्याकडे वळलेली बघणं त्याहून वाईट. त्यांना सांगायचंय की कुंड्या नेल्या नेल्या गच्चीच्या मधोमध ठेवू नका. सावलीत आलेलं पान पातळ असतं, चैत्रातलं ऊन त्याला दोन दिवसांत पांढरं करून टाकेल. पहिले चार दिवस पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मग फक्त सकाळचं, मग पूर्ण. लांबलेल्या फांद्या निम्म्याने कापायच्या. उन्हातली नवी फूट निघाली की महिना-सव्वा महिन्यात कळी, म्हणजे वैशाखअखेर. पहिला बहर संपला की फुलाखालच्या दोन जोड्या पानांसकट शेंडा खुडायचा, म्हणजे अजून एक मिळतो. या वेळचा पहिला गजरा वरच्या काकूंना पाठवा म्हणावं का? नको. त्या विचारतील, कुठलं खत घातलंत.

अबोलीच्या आणि पानवेलीच्या कुंड्या भरायच्या म्हणून संध्याकाळी कोकोपीटची वीट भिजत घातली. पाच किलोच्या विटेला वीस-पंचवीस लिटर पाणी लागतं आणि फुगल्यावर तिला जागा किती लागेल याचा अंदाज दरवेळी कमीच पडतो. घरातल्या दोन्ही बादल्या आणि कपड्यांचा टब त्यात अडकलाय. उद्या सकाळी आंघोळीचं काय ते बघू.